मास्कवाल्या नायकाला ड्राफ्टची नोटीस आली तर पुढे काय?

रात्रपाळी_लेखक:
नमस्कार मंडळी, इथे अल्टरनेट हिस्टरी वाचणारे लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. मी एक दीर्घकथा लिहायला घेतलीये. काळ १९४० ते ४४, जागा न्यूयॉर्क, ब्रुकलिनची गोदी. जग आपलंच, फरक फक्त इतका की १९३०च्या दशकात देशभरात मिळून पन्नासेक माणसांच्या अंगात कसलीतरी शक्ती आलीये, का आली ते कोणालाच कळलेलं नाही आणि मला ते कथेत सांगायचंही नाहीये. माझा नायक २४ वर्षांचा, दिवसा गोदीत माल उतरवतो, रात्री तोंड झाकून फिरतो. गोळी त्याला लागत नाही आणि तो ट्रक उचलू शकतो, बस एवढंच, उडत बिडत नाही. घरात विधवा आई आणि शाळकरी बहीण. आणि एक दिवस पोस्टानं सैन्यात हजर व्हायची नोटीस येते.

आता अडलंय ते असं की या पोराने इतक्या वर्षांत एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही, चोर पकडतानासुद्धा हात आखडून मारतो कारण आपल्या हातानं काय होऊ शकतं ते त्याला पक्कं माहितीये. भित्रा नाही तो. हिटलर हरायलाच हवा असं त्याला मनापासून वाटतं, पण हात मोकळा सोडायची त्याला धास्ती आहे. मला हे प्रामाणिकपणे लिहायचंय. झेंडा फडकवून टाळ्या घेणारी कथा नको आणि सरकार म्हणजे राक्षस अशी पण नको.

तर एक, ज्याला बेडी घालता येत नाही त्याच्यावर सरकार सक्ती करणार कशी? आणि दोन, तो गेला तर युद्ध आठवड्यात संपेल, मग कथा कुठे राहिली? त्या काळाची माहिती असणाऱ्यांनी सांगा प्लीज.

जुनी_कात्रणं:
दादा, आधी तो ड्राफ्टचा, म्हणजे सैन्यात सक्तीच्या भरतीचा, कायदाच नीट बघा, अर्धी कथा तुम्हाला तिथे सापडेल.

राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टने त्यावर १६ सप्टेंबर १९४० ला सही केली, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या सव्वा वर्ष आधी. देश युद्धात नसताना सक्तीची भरती अमेरिकेत त्याआधी कधीच झाली नव्हती. २१ ते ३५ वयाच्या सगळ्या पुरुषांनी १६ ऑक्टोबरला एकाच दिवशी जाऊन नाव नोंदवायचं होतं आणि १ कोटी ६० लाखांच्या आसपास लोकांनी नोंदवलं. तुमचा नायक २४ चा, म्हणजे त्या दिवशी तो रांगेत होताच, हा प्रसंग अजिबात सोडू नका. कायद्याला रात्रीचा मास्कवाला माहीतच नाही, त्याला फक्त गोदीतला कामगार माहितीये, नाव पत्ता आणि मालक कोण. मग कोणाला आधी बोलवायचं ते ठरवायला २९ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये काचेच्या मोठ्या भांड्यातून नंबर काढले, पहिला नंबर युद्धमंत्री स्टिम्सन यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून काढला, तो होता १५८. आणि देशातल्या प्रत्येक भरती बोर्डात ज्याचा क्रमांक १५८ त्या सगळ्यांवर एकदम पाळी आली, सहा हजारांच्या वर माणसं.

आता बोर्ड म्हणजे काय ते ऐका कारण तुमच्या कथेचा जीव तिथे आहे. देशभर साधारण साडेसहा हजार लोकल बोर्डं होती आणि त्यावर कोणी लष्करी साहेब बसत नव्हते, त्याच भागातले वकील, दुकानदार, असे लोक, तेही बिनपगारी. हजर व्हायच्या नोटिशीत तसं छापलेलंच असायचं, की तुमच्या शेजाऱ्यांच्या बनलेल्या बोर्डापुढे तुम्ही आला होतात आणि त्यांनी तुमची निवड केली आहे. म्हणजे ज्या किराणावाल्याच्या दुकानावरचा दरोडा नायकानं मागच्या वर्षी थांबवला तोच समोर बसलेला असू शकतो, आणि त्यानं आवाज ओळखला तर?

वर्ग ठरवायचे तेही तेच. १-ए म्हणजे लगेच घेण्यालायक. ३-ए म्हणजे घरचे याच्यावर अवलंबून. २-बी म्हणजे युद्धाच्या कामाला लागणारा कामगार. ४-एफ म्हणजे अपात्र. तुमच्या पोराची आई विधवा, बहीण शाळेत, कमावता हा एकटा, म्हणजे सरळ ३-ए व्हायला पाहिजे, वर गोदीचं काम म्हणून मालक २-बी मागू शकतो. तरी नोटीस आली याचा अर्थ बोर्डावर कोणीतरी मुद्दाम १-ए केलं. का केलं? रागानं, भीतीनं, का तुझ्यासारखा माणूस घरी बसला आणि माझा मुलगा गेला या विचारानं? हे तुम्ही ठरवा पण उत्तर याच खोलीत आहे.

सक्तीचं म्हणाल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. त्याला कोठडीत ठेवता येणार नाही हे मान्य. पण नाव फरारी यादीत गेलं की गोदीतलं काम गेलं, घराच्या दारात माणसं बसली, बहिणीला शाळेत पोरं विचारायला लागली. सक्ती त्याच्या अंगावर करायची गरजच नाही, त्याच्या पत्त्यावर केली तरी पुरे.

अजून एक. मेडिकलला प्रत्येकाचं रक्त घेत, सिफिलिस बघायला. सुई आत जाणार नाही तेव्हा डॉक्टर काय करेल? आणि भरतीच्या वेळी बोटांचे ठसे घ्यायचे. त्यानं रात्री वाकवलेल्या एखाद्या गजावरचे ठसे पोलिसांकडे पडून असतील तर बघा काय होतं.

पॅनेल_बाय_पॅनेल:
वरचं जबरदस्त आहे. मी कॉमिक्सच्या बाजूनं सांगते कारण तुमचा दुसरा प्रश्न त्या लोकांनाच पहिल्यांदा पडला होता, अगदी त्याच वर्षांत.

फेब्रुवारी १९४० मध्ये लुक मासिकानं सुपरमॅनच्या निर्मात्यांकडून दोन पानं काढून घेतली, सुपरमॅन हे युद्ध कसं संपवेल अशी. तो हिटलरला आणि स्टालिनला उचलतो आणि जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभा करतो, संपलं. दोन पानात. एसएस या नाझी निमलष्करी दलाच्या पेपरला ते इतकं झोंबलं की त्यांनी त्यावर लेखच छापला. पण पुढे अमेरिका खरोखर युद्धात उतरल्यावर अडचण झाली, कारण रोज सकाळी पेपरात खऱ्या मेलेल्या पोरांची नावं येतायत आणि शेजारच्या पानावर हा माणूस एका फुंकरीत रणगाडे उडवतोय हे कसं दाखवणार? मग त्यांनी वाट काढली, १९४२ च्या फेब्रुवारीत पेपरातल्या मालिकेत क्लार्क केंट भरतीला जातो, डोळे तपासताना उत्साहाच्या भरात त्याची नजर भिंतीतून आरपार जाते आणि तो पलीकडच्या खोलीतला तक्ता वाचतो. ४-एफ. म्हणजे सगळ्यात ताकदवान माणूस डोळे कमजोर म्हणून नापास. लोक हसतात यावर, मला मात्र हा फार जबाबदारीचा निर्णय वाटतो, त्यांना सैनिकांच्या हातून त्यांचं काम काढून घ्यायचं नव्हतं.

उलट टोक म्हणजे कॅप्टन अमेरिका. पहिल्या अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो बाजारात आला डिसेंबर १९४० मध्येच, म्हणजे ड्राफ्टच्या त्या पहिल्या सोडतीनंतर दोन महिन्यांत. तिथे पोरगा काटकुळा म्हणून सैन्य त्याला नाकारतं आणि मग सैन्यच त्याला औषध टोचून तयार करतं. नीट बघा, तो शक्ती घेऊन सैन्यात जात नाही, शक्तीच सरकारची आहे. तुमच्या नायकाची शक्ती सरकारनं दिलेली नाही, आणि कायदा माणूस मागतो, मग शक्ती त्यात आपोआप आली का? मला वाटतं तुमच्या कथेत कोर्टात जायचा मुद्दा हाच आहे. मला पिस्तूल चालवायला शिकवा, मी शिपाई म्हणून येतो, पण माझे हात तुमचे नाहीत, असं तो म्हणाला तर? मी तर त्याच्या बाजूनं आहे.

आणि हे काढणारी पोरं स्वतःही सुटली नाहीत हो. सुपरमॅन लिहिणारा जेरी सिगेल १९४३ ला ड्राफ्ट झाला. कॅप्टन अमेरिका काढणारा जॅक कर्बी त्याच वर्षी पायदळात गेला, १९४४ ला फ्रान्समध्ये होता, आणि तो सांगायचा की याला चित्रं काढता येतात कळल्यावर वरच्या साहेबानं त्याला शत्रूच्या भागात पुढे जाऊन गावांची स्केचेस काढून आणायच्या कामाला लावलं. जे अंगात आहे ते सैन्य हेरतं आणि सगळ्यात धोक्याच्या जागी वापरतं, हे तुमच्या कामाचं आहे.

खंडाळ्याचा_नाना:
राम राम. मी कॉमिकवाला नाही, सातारा जिल्ह्यातला आहे, आमच्या घरात आज्यापासून फौज आहे. वर कोणी बोललं नाही ते बोलतो.

तुम्ही सगळे म्हणताय सरकार त्याला कसं पकडणार. आत गेल्यावर काय होईल ते बघा की. पलटणीत माणूस माणसावर विश्वास ठेवतो तो एकाच गोष्टीवर, की गोळी मला लागू शकते तशी ह्यालाही लागू शकते. म्हणून रात्री हा जागतो तेव्हा मी झोपतो. आता तुमच्या नायकाला गोळीच लागत नाही. पहिले चार दिवस पोरं खूश होतील, ह्याच्या मागं चालू म्हणतील. मग वरच्यांना कळेल की ह्याच्या सेक्शनला कुठंही पाठवता येतं, आणि जिथं कोणालाच पाठवत नाहीत तिथं ह्यांना पाठवतील. हा परत येईल. बाकीचे नऊ दहा जण येतीलच असं नाही. तिसऱ्या वेळी नवीन आलेली पोरं ह्याच्या शेजारी झोपायला तयार होणार नाहीत बघा. ह्याच्यामुळं मरतोय असं तोंडावर कोणी म्हणणार नाही, पण जेवताना जागा सोडून बसतील. माझ्या मते तुमचं युद्ध आठवड्यात संपायचा प्रश्न इथंच सुटतो, एक माणूस एका जागी असतो आणि आघाडी शेकडो मैलांची असते.

यशवंत घाडगे यांचं नाव ऐकलं असेल, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, इटलीत १० जुलै १९४४. मशीनगनच्या माऱ्यात सेक्शनमधली बाकी सगळी माणसं पडली तेव्हा नाईक घाडगे एकटे त्या चौकीवर धावून गेले, ती घेतली, आणि तिथंच स्नायपरच्या गोळीनं गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणानंतर मिळाला. बावीस तेवीस वर्षांचा पोरगा. त्याला गोळी लागत होती, म्हणून त्या धावण्याला अर्थ आहे. तुमच्या नायकाला हे कळतं असं दाखवा, की आपण जे करतोय त्याला शौर्य म्हणता येत नाही आणि शेजारचा करतोय त्याला म्हणता येतं. तो त्या पोरांचा आदर करायला लागला की कथा आपोआप झेंड्यापासून दूर जाईल आणि फौजेचा अपमानपण होणार नाही.

उडता_गरुड९९:
एवढं सगळं कशाला, सरळ कॅनडाला पळून जायचं ना, व्हिएतनामच्या वेळी गेलेच की लोक

जुनी_कात्रणं:
@उडता_गरुड९९ १९४० ला कॅनडा स्वतःच युद्धात होता, १९३९ च्या सप्टेंबरपासून. व्हिएतनामच्या वेळची गोष्ट वेगळी होती भाऊ. आणि आई आणि बहीण ब्रुकलिनला आहेत.

धाम_नदी:
मला नकार देणाऱ्यांबद्दल लिहायचंय कारण नायकाचा मूळ त्रास जीव घ्यायचा आहे आणि त्यासाठी कायद्यात दार होतं, ते कोणीच सांगितलं नाही.

१९४० च्या त्या कायद्यात धर्माच्या शिकवणीमुळे आणि श्रद्धेमुळे युद्धाला विरोध असणाऱ्यांसाठी दोन वाटा होत्या. १-ए-ओ म्हणजे सैन्यात येतो पण शस्त्र धरणार नाही. डेस्मंड डॉस हा असाच वैद्यकीय शिपाई, १९४५ ला ओकिनावात त्यानं कड्यावरून एकेक करून साधारण ७५ जखमींना दोरानं खाली उतरवलं, बंदुकीला हात न लावता, आणि त्याला देशाचं सर्वोच्च पदक मिळालं. दुसरी वाट ४-ई, म्हणजे सैन्यातच नाही, त्याऐवजी नागरी सेवेची शिबिरं. तिथे सुमारे १२ हजार लोक गेले, बिनपगारी, जंगलात वणवे विझवणं, मनोरुग्णालयात काम, असं. आणि त्यातल्याच ३६ जणांनी मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीच्या प्रयोगासाठी स्वतःहून शरीर दिलं, १९४४-४५ मध्ये, युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून. मी पहिल्यांदा त्या माणसांचे फोटो पाहिले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. तुमच्या नायकावर प्रयोग करायला सरकारला जबरदस्ती करायची गरज नाही, तो मारणार नाही म्हणाला की देशासाठी निदान हे तरी कर असं कोणीतरी अगदी प्रेमानं म्हणेल, आणि तो हो म्हणेल. मला हे जास्त भयंकर वाटतं.

पण अट लक्षात घ्या, विरोध धर्माचा लागायचा. मेनोनाइट, क्वेकर अशा युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांना सोपं. मला माझ्या हातांची भीती वाटते हे कारण बोर्डाला पुरणार नाही. मग तुरुंग, आणि तिथेही सहा हजारांच्या आसपास लोक खरंच गेले.

आणि एक विनंती, तुमच्या पन्नासेक शक्तीवाल्यांत एक जपानी वंशाचा ठेवा. पर्ल हार्बरनंतर त्या नागरिकांना ४-सी म्हणजे परकीयांच्या वर्गात ढकललं, घरंदारं सोडायला लावून तारांच्या कुंपणात ठेवलं, आणि १९४४ च्या जानेवारीत त्याच कुंपणातल्या पोरांना ड्राफ्ट परत लागू केला. वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ जणांनी सांगितलं की आधी आमचे हक्क परत द्या मग आम्ही येतो. तीन तीन वर्षांची शिक्षा झाली त्यांना. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननं १९४७ ला माफी दिली. जो माणूस कुंपण एका हातानं उपटू शकतो आणि तरी आईवडिलांसाठी आत बसून राहतो, त्याला सरकार म्हणतं आता आमच्यासाठी लढ. तुमचा नायक आणि हा माणूस एकदा तरी समोरासमोर आले पाहिजेत.

हे सगळं मला जवळचं वाटतं कारण त्याच १९४० च्या ऑक्टोबरमध्ये, ब्रुकलिनला लोक रांगेत उभे राहिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, आमच्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, युद्धाला माणूस नाही आणि पैसा नाही म्हणून. चार दिवसांत अटक झाली. एकाच आठवड्यातल्या गोष्टी आहेत या.

रात्रपाळी_लेखक:
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. नानांचं जेवताना जागा सोडून बसण्याचं वाचून मी लॅपटॉप बंद करून बाहेर फेरी मारून आलो, ते घेणारच आहे, परवानगी असेल तर. आणि कुंपणातल्या माणसाचं धाम ताई तुम्ही सांगितलंत ते आता कथेतून काढताच येणार नाही.

आता नवीन पेच. मी ठरवलंय की बहिणीतही शक्ती आहे आणि ती त्याच्यापेक्षा जास्त आहे, फक्त कोणाला माहीत नाही. कथेच्या शेवटापर्यंत ती अठराएकोणीस वर्षांची होईल. बायकांना ड्राफ्ट नव्हता ना? मग तिला घरी ठेवायचं का?

पॅनेल_बाय_पॅनेल:
नव्हता, पण अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता. १९४५ च्या जानेवारीत रुझवेल्टनं काँग्रेसपुढच्या (तिथल्या संसदेपुढच्या) भाषणात नर्सेसचा ड्राफ्ट मागितला, जखमी इतके होते आणि नर्स पुरत नव्हत्या. मार्चमध्ये खालच्या सभागृहानं ते बिल पासही केलं. मग युरोपातलं युद्ध संपलं आणि ते तिथेच राहिलं. तुमच्या जगात ते बिल दोन वर्षं आधी येऊ द्या आणि त्यात शक्तीवाल्या बायकांचं एक कलम घाला, कोणाला अशक्य वाटणार नाही. ब्रिटननं तर डिसेंबर १९४१ मध्येच कायदा केला होता, २० ते ३० वयाच्या अविवाहित बायका आणि मूल नसलेल्या विधवा, यांना सक्तीची सेवा.

आणि कृपा करून तिला भावासाठी रडत बसवू नका. भावानं स्वतःचं नाव बोर्डाला एवढ्याचसाठी दिलं की तिचं विचारू नये, आणि तिला हे कळल्यावर ती त्याच्यावर प्रचंड चिडते, असं काहीतरी हवं.

गिरणगाव_डायरी:
बघत होतो शांतपणे. ब्रिटनचा विषय निघाला म्हणून, प्रत्येक शक्तीवाला आघाडीवरच गेला पाहिजे असं कुठंय? डिसेंबर १९४३ पासून ब्रिटनमध्ये सोडत काढायचे आणि ज्याच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा निघेल तो पोरगा सैन्याऐवजी थेट कोळशाच्या खाणीत. बेव्हिन बॉईज म्हणत त्यांना, ४८ हजारांच्या आसपास होते. गणवेश नाही, पदक नाही, रस्त्यात लोक विचारायचे तू लढायला का नाही गेलास. ट्रक उचलणारा माणूस सरकारला कोळशाच्या खाणीत किंवा गोदीतच जास्त उपयोगी, हिशोबच लावला तर.

आणि कधी मुंबईचा भाग लिहिलात तर, आपल्याकडे सैन्याला सक्ती नव्हती, २५ लाखांचं सैन्य सगळं भरती झालेलं, पण १९४० च्या एका वटहुकमानं तांत्रिक कामगारांना युद्धाच्या कारखान्यात जायला भाग पाडता येत होतं. म्हणजे गिरणीतल्या फिटरला शक्ती असती तर पलटणीनं नाही, या वटहुकमानं उचललं असतं. मग १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात गेले. त्या दिवशी तो फिटर कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात सरकारी कामावर असेल. माझे आजोबा तेव्हा शिवडीला राहायचे, हे वाक्य लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

खंडाळ्याचा_नाना:
@रात्रपाळी_लेखक परवानगी कसली मागता, घ्या. फक्त एक करा, सेक्शनमधल्या त्या नऊ दहा पोरांना नावं द्या, गावं द्या, प्रत्येकाची. नुसते सैनिक सैनिक लिहू नका.

जुनी_कात्रणं:
तारखा देतो, त्यावर प्रकरणं बसवून बघा. पहिला कायदा फक्त १२ महिन्यांच्या सेवेचा होता आणि पश्चिम गोलार्धाबाहेर पाठवायचं नाही असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे १९४१ च्या सुरुवातीला गेलात तर एका वर्षात घरी, या विश्वासावर नायक जातो, कोणाला मारावं लागणारच नाही असं त्याला वाटतं. मग ऑगस्ट १९४१ ला मुदतवाढीचं बिल खालच्या सभागृहात एका मतानं पास होतं, २०३ विरुद्ध २०२. बराकींच्या भिंतींवर ऑक्टोबरमध्ये पळून जाण्याच्या घोषणा लिहिल्या गेल्या होत्या तेव्हा. मग डिसेंबरात पर्ल हार्बर, आणि गोलार्धाची अट पण गेली. डिसेंबर १९४२ ला १८ ते ३७ वयाच्या पुरुषांना आपणहून भरती होणंच बंद केलं, म्हणजे नेव्ही का आर्मी ही निवडसुद्धा हातात राहिली नाही. तुमच्या नायकानं एकेका तारखेला एकेक शब्द दिलाय आणि सरकारनं पुढच्या तारखेला तो बदललाय, असं लावलंत तर नोटिशीचा प्रसंग अगदी पहिल्या पानावर आणा आणि ती जानेवारी १९४१ ची ठेवा, १९४२ ची नको.